गुरुजींचं मत

आमच्या गल्लीत दोन मास्तर राहतात. एक शाळेतले निवृत्त मास्तर आणि दुसरा पोस्टातला निवृत्त मास्तर. हा दुसरा म्हणजे मी. घोटाळा नको म्हणून गल्लीने त्यांना 'गुरुजी' ठरवलं आणि मला नुसतं 'पोस्ट' म्हणून मोकळी झाली. मेहकरात हे असंच चालतं. माणसाच्या नावाला इथे फारसा भाव नाही. तो आयुष्यभर जे काम करत आला तेच त्याला म्हातारपणी चिकटतं.

एरवी गुरुजींना गल्लीत मान होता, पण तो जेवढ्यास तेवढाच. समोरून सायकल आली तर गुरुजींनीच बाजूला व्हायचं आणि नळाला पाणी कमी आलं तर गुरुजींनीच थांबायचं. पण गणपती उठले की पुढचे दोन-तीन महिने हेच गुरुजी एकदम अखिल भारतीय होऊन जायचे. फोन पुण्याहून यायचा, नागपूरहून यायचा, मुंबईहूनही यायचा. ज्यांचे लेख गुरुजींनी उभ्या जन्मात दुरून वाचले, ते समीक्षक "गुरुजी, गुडघ्याचं कसं आहे आता?" असं विचारायचे. गुरुजींचा गुडघा दुखतो हे पुण्याला कळतं आणि शेजारी राहून मला कळत नाही, याची मला शरम वाटायची.

या सगळ्याचं कारण एवढंच की गुरुजी मतदार होते. नगरपालिकेचे आपण सगळेच मतदार असतो. गुरुजी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाच्या निवडणुकीतले मतदार होते. तरुणपणी त्यांनी विदर्भ साहित्य संघाचं आजीव सभासदत्व घेतलं होतं. त्याच उमेदीत पदरच्या पैशाने एक कवितासंग्रहही काढला होता. त्याच्या उरलेल्या प्रती दिवाणाखाली होत्या. दिवाणाचा एक पाय आखूड असल्यामुळे त्यातल्या चार प्रती तर कायमच्या कामाला लागल्या होत्या.

एकदा एक उमेदवार स्वतः घरी आले. कोण ते सांगत नाही. माणूस सज्जन होता. पोहे खाल्ले, चहा घेतला आणि गुरुजींच्या कवितेवर ते सलग दहा मिनिटं बोलले. संग्रहाचं नाव त्यांनी तेवढं चुकीचं घेतलं. ते गेल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "यांच्या कविता चांगल्या आहेत, हे मला लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर कळलं, तेही परक्या माणसाच्या तोंडून."

"मग मत कोणाला?" मी गुरुजींना विचारलं.

"गुप्त असतं ते."

"मला सांगायला काय हरकत आहे?"

"अहो पोस्ट, पाचही उमेदवारांना मी 'तुम्हालाच' म्हणून सांगितलंय. आता सहाव्याला काय सांगू?"

मतपत्रिका टपालाने यायची आणि टपालानेच परत जायची. त्यामुळे मराठी साहित्याच्या या महत्त्वाच्या कार्यात माझ्या खात्याचाही हातभार होता असं मी मानतो. मतदार किती? महाराष्ट्रातल्या चार घटक संस्था आहेत: पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबई मराठी साहित्य संघ, आमचा विदर्भ साहित्य संघ आणि मराठवाडा साहित्य परिषद. त्यांची मतं सारखी. परराज्यांतल्या मराठी संस्थांची त्याहून कमी, संमेलन भरवणाऱ्या निमंत्रक संस्थेची काही आणि माजी अध्यक्षांचं एकेक. सगळी मिळून हजाराच्या आसपास. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे लोक होते सुमारे ८ कोटी ३० लाख. गुरुजी गणिताचे शिक्षक. त्यांनी भागाकार केला आणि म्हणाले, "पोस्ट, मी एकटा त्र्याऐंशी हजार माणसांच्या वतीने मत देतो. अख्खं मेहकर माझ्या एका मतात बसतं, वर जागा उरते."

आम्ही चहा घेतो त्या हॉटेलच्या मालकाला हे काही पटेना. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "पोस्टसाहेब, ह्या अध्यक्षाले पगार किती भेटते?"

"पगार नाही."

"गाडी?"

"नाही."

"मंग बंगला तरी?"

"तोही नाही."

"मंग हा मानूस उभा कायले राह्यला?"

"भाषण करायला मिळतं."

"भाषन त आमच्या हाटेलात बी करता येते. आजपावतर कोनाले अडवलं का म्या?"

प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर द्यायला मला रात्रभर विचार करावा लागला. खरोखरच, त्या खुर्चीत आहे काय? १८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात पहिली ग्रंथकारांची सभा भरली. तेव्हापासून ही खुर्ची चालत आली आहे. १९६१ साली साहित्य महामंडळ स्थापन झालं आणि १९६५च्या हैदराबादच्या संमेलनापासून कारभार त्याच्या हाती आला. खुर्चीला अधिकार म्हणाल तर शून्य. अध्यक्ष एखाद्या शाळेला मराठीचा एक शिक्षक देऊ शकत नाही की एखाद्या वाचनालयाचं थकलेलं अनुदान सोडवू शकत नाही. त्याच्या हाती असतो फक्त ध्वनिक्षेपक, तोही थोड्या वेळापुरता.

पण तो ध्वनिक्षेपक कोणाच्या हाती आहे याला कधी कधी फार महत्त्व येतं. १९७५ साली कऱ्हाडला दुर्गा भागवत अध्यक्ष होत्या. आणीबाणी चालू होती. मांडवात केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण होते. त्या मांडवात दुर्गाबाईंनी आणीबाणीविरुद्ध स्पष्ट शब्द काढले आणि आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लोकांना सांगितलं. पुढे १९७६ साली त्यांना अटक झाली. त्या दिवशी त्या जागी दुसरं कोणी सोयीचं माणूस असतं, तर सत्काराचे हार घालून नि आभार मानून संमेलन संपलं असतं. म्हणून ती खुर्ची कोणाला द्यायची हा प्रश्न वाटतो तितका पोकळ नाही. दुसऱ्या दिवशी मी हे सगळं हॉटेलमालकाला सांगितलं. तो म्हणाला, "मंग असा मानूस निवडून येऊ देतेत का हो?" आता याला काय उत्तर द्यायचं? मी दुसरा चहा मागवला.

२०१७ साली मात्र आमच्या गुरुजींच्या मताला चांदीचा मुलामाच चढायची वेळ आली होती. एक्क्याण्णवावं संमेलन आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, आमच्याच मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमाला भरणार असं जाहीर झालं. हिवऱ्याचा विवेकानंद आश्रम सगळ्यांच्या ओळखीचा आहे, तो विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादामुळे. शेतात पंगती बसतात आणि पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून येते. लाखांनी माणसं जेवून जातात. साहित्य संमेलनाची निम्मी भांडणं जेवणावरूनच होतात, तेव्हा हे संमेलन बिनतक्रार पार पडणार याविषयी आमच्या मनात शंका नव्हती. गुरुजींनी नवं जाकीट शिवायला टाकलं. "हजारांतला एक मतदार, आणि तोही संमेलनाच्या तालुक्यातला," असं ते आरशात बघून म्हणत.

पण आश्रमाच्या संस्थापकांवरून अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी आक्षेप घेतला, वर्तमानपत्रांतून वाद पेटला आणि शेवटी आश्रमाने निमंत्रण मागे घेतलं. संमेलन गेलं बडोद्याला. आमच्यात आणि त्याच्यात तापी नि नर्मदा अशा दोन नद्या आल्या. त्या वादात कोणाचं किती बरोबर होतं यात मी शिरत नाही. मला आठवतं ते एवढंच की संमेलन आमच्या तालुक्यात येणार हे आम्हाला वर्तमानपत्रात वाचून कळलं आणि येणार नाही हेही वर्तमानपत्रात वाचूनच कळलं. आणायच्या वेळी इथल्या वाचकाला कोणी विचारलं नव्हतं, मग न्यायच्या वेळी तरी कशाला विचारतील? गुरुजींचं जाकीट शिंप्याकडून आलं त्याच आठवड्यात ही बातमी आली. ते अजून खुंटीला आहे. वहिनी दर दिवाळीला त्यावरची धूळ झटकतात.

त्या वर्षी डिसेंबरात निकाल लागला आणि लक्ष्मीकांत देशमुख अध्यक्ष झाले. हरलेल्यांत आमच्या नागपूरचे रवींद्र शोभणे होते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ही निवडणूक शेवटची आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. गुरुजींनी नेहमीसारखी मतपत्रिका भरली, पाकिटाला खळ लावली आणि चार वेळा दाबून बघून ती पेटीत टाकली. पेटीत टाकल्यावर वाकून आत बघायची त्यांची सवय आहे. चाळीस वर्षं पोस्टात काढून मला कळलेलं नाही की लोक पेटीत वाकून काय बघतात.

२०१८ साली महामंडळाने घटनाच बदलली आणि अध्यक्षाची निवडणूक रद्द केली. आता घटक, समाविष्ट आणि निमंत्रक संस्था नावं सुचवणार आणि महामंडळाच्या बैठकीत त्यांतून सन्मानाने एकाची निवड होणार, असं ठरलं. या बदलाचं मी मनापासून स्वागत केलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. निवडणुकीने काय काय केलं होतं ते आठवून बघा. १९९२च्या कोल्हापूर संमेलनाच्या वेळी रमेश मंत्री निवडून आले आणि हरल्या कोण, तर इंदिरा संत! रमेश मंत्र्यांनी आम्हाला हसवलं, त्यांचं ऋण आहेच. पण इंदिराबाईंना मतांसाठी उभं करायचं आणि वर पाडायचं, हे काही मराठी माणसाला आजतागायत पचलेलं नाही. हजार मतदारांच्या दारी जायचं, त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायची आणि त्यांच्या संग्रहांची नावं पाठ करायची. हे ज्याला जमतं तो लेखक चांगला असेलही, पण ज्याला जमत नाही तो वाईट कसा? शिवाय गठ्ठ्याने मतपत्रिका गोळा केल्याचे आरोप दर वर्षी व्हायचे, ते निराळेच.

निवडणूक गेल्यावर अध्यक्ष कोण कोण झाले? यवतमाळला २०१९ साली अरुणा ढेरे, उस्मानाबादला फ्रान्सिस दिब्रिटो, नाशिकला जयंत नारळीकर, उदगीरला भारत सासणे, वर्ध्याला नरेंद्र चपळगावकर. पुढे दिल्लीला तारा भवाळकर आणि आता साताऱ्याच्या नव्व्याण्णवाव्या संमेलनासाठी विश्वास पाटील. आठ अध्यक्षांत दोन स्त्रिया आहेत. त्याआधी १९६५ पासून अर्ध्या शतकाहून अधिक काळात दुर्गा भागवत, शांता शेळके आणि विजया राजाध्यक्ष अशा मिळून तीनच झाल्या होत्या. नारळीकरांसारखा खगोलशास्त्रज्ञ मेहकरच्या मतदाराला फोन करून "गुडघा कसा आहे?" विचारतोय, हे चित्र माझ्या तरी डोळ्यांपुढे उभं राहत नाही. भवाळकरबाईंचंही तेच. म्हणजे नव्या पद्धतीने काही माणसं तरी अशी दिली, की जी जुन्या पद्धतीत उंबऱ्याबाहेर पडलीच नसती.

कटुता मात्र गेली असं म्हणवत नाही. पहिल्याच फेरीत यवतमाळला उद्‌घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि सगळा महाराष्ट्र भांडायला उठला. कटुतेला पुढचं दार बंद केलं की ती मागच्या दाराने येते. आमच्याकडे पाहुण्यांचंही तसंच आहे.

गुरुजींचं मात्र फार नुकसान झालं. गणपती उठले, दसरा झाला, दिवाळीही गेली. फोन एकही नाही. एके दिवशी ते ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "पोस्ट, माझं मत गेलं."

"मत कसं जाईल गुरुजी? गेला तो अधिकार. मत तुमच्याजवळच आहे."

"ते घेऊन काय करू? दिवाणाखाली ठेवू?"

मग त्यांनी पुन्हा भागाकार केला. महामंडळाच्या बैठकीला वीसएक माणसं बसतात असं धरलं, तर एकेकाच्या वाट्याला चाळीस लाखांवर मराठी माणसं येतात. "मी त्र्याऐंशी हजारांच्या वतीने बोलायचो तेव्हा तुम्ही हसायचा," ते म्हणाले, "आता हसा की." मी हसलो नाही. पण बाजू महामंडळाचीच घेतली. म्हटलं, जाणत्यांनी बसून विचाराने ठरवावं हे बरं. आपल्याकडे लग्नं नाही का अशी ठरतात? गुरुजी म्हणाले, "लग्नात नकार आला तर निदान निरोप तरी येतो, की पत्रिका जुळत नाही."

हे वाक्य तेव्हा मी सोडून दिलं. त्याचा अर्थ मला पुढे कळला आणि तो घरच्या अनुभवाने कळला.

माझ्या परिचयाचं एक वाचनालय आहे. कुठलं ते विचारू नका. तिथे एकदा मी अध्यक्षपदासाठी उभा राहिलो आणि तेवीस विरुद्ध अकरा अशा मतांनी पडलो. मला मतं पडली अकरा आणि "मत तुम्हालाच दिलं होतं बरं का" असं सांगायला घरी आले चौदा जण. सौ.ने चौदा कप चहा केला आणि म्हणाली, "जिंकला असतात तर साखर परवडली नसती." पण खरं सांगतो, तो पराभव फार गोड होता. गावात माणसं थांबवून सांत्वन करत होती. "तुम्हीच व्हायला पाहिजे होतं," असं निवडून आलेला गृहस्थदेखील म्हणाला. त्या वर्षीच्या अहवालात माझं नाव, मला पडलेली मतं, सगळं छापून आलं. मी पडलो याला पुरावा होता.

पुढे त्या वाचनालयानेही कटुता नको म्हणून निवडणूक बंद केली. पाच जण एका खोलीत बसले आणि एकमताने एक नाव घेऊन बाहेर आले. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. दोन दिवसांनी बैठकीत चहा नेणारा पोऱ्या मला म्हणाला, "साहेब, तुमचं नाव निंघालं होतं. मंग ते म्हनले, पोस्टवाले हिशोब लय इचारतात. मंग दुसरं निंघालं."

आता मी करू काय? रागवावं तर कोणावर? निर्णय एकमताचा होता. दुःख करावं तर ते कुठे जाऊन करू? मी उमेदवारच नव्हतो, तर पडलो कसा? चौदा जण सोडा, एकसुद्धा माणूस घरी आला नाही. सौ.ने एक कप चहा केला आणि तोही मलाच दिला. बरं, हिशोब विचारणं हा दोष असेल तर तसं तोंडावर सांगायचं. मी त्याचं उत्तर दिलं असतं, निदान हिशोब तरी विचारला असता.

त्या रात्री मला माझी नोकरी आठवली. आमच्या वेळी रजिस्टर पाकीट परत आलं तर त्यावर शेरा मारल्याशिवाय ते हलत नसे. 'घेण्यास नकार', 'पत्ता अपुरा', 'मालक गाव सोडून गेला', असा काहीतरी शेरा हवाच. खाली सही, वर तारखेचा शिक्का. पाठवणाऱ्याला त्या शेऱ्याचा राग येवो, रडू येवो, पण आपलं पाकीट कुठवर गेलं आणि का परतलं हे त्याला कळायचं. रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, पण कारण न देता पाकीट परत करायची मुभा अजून कोणाला मिळालेली नाही. मग घटक संस्थांनी सन्मानाने पाठवलेली नावं, त्या नावांमागे पन्नास-पन्नास वर्षांचं लिखाण, ती विनाशेरा कुठे गडप होतात?

नव्या पद्धतीवर माझा आक्षेप एवढाच आहे. तिने वाईट अध्यक्ष दिले असं मी मुळीच म्हणत नाही. तिने हरणारा नाहीसा केला, आणि हरणारा दिसणं ही फार उपयोगाची गोष्ट असते. इंदिरा संत हरल्या हे आपल्याला ठाऊक आहे म्हणून तर तीस वर्षांनंतरही आपण हळहळतो. ती हळहळ हाच त्या निवडणुकीवर मारलेला शेरा आहे. आणि मघाशी लक्षात ठेवा म्हटलं ते नाव आता काढा. २०१७ला मतदानात मागे पडलेले रवींद्र शोभणे २०२४ साली अमळनेरला अध्यक्ष झाले, तेही निवडणूक न लढवता, निवडीने. ते एकदा हरलेले सगळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे त्यांच्या निवडीत कोणाला नवल वाटलं नाही, उलट एक बाकी चुकती झाल्यासारखं वाटलं. आता बंद खोलीत जो मागे पडेल त्याची बाकी कोण लक्षात ठेवणार? चहा नेणारा पोऱ्या?

जुनी पद्धत परत आणा असं गुरुजींनी म्हणावं, कारण त्यांचा फोन बंद झाला आहे. मला ते म्हणवत नाही. त्याला कारण आमच्या गावातच आहे. ना. घ. देशपांडे आमच्या मेहकरचे. वकिली इथे केली, कविताही इथेच लिहिली. 'शीळ' १९५४ साली पुस्तकरूपाने आलं, पण त्या गीताची ध्वनिमुद्रिका त्याच्या कितीतरी आधी घरोघर पोचली होती. 'खूणगाठी'ला १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर चौदा वर्षं ते होते, २००० साली गेले. तो सगळा काळ निवडणुकीचा. संमेलनाध्यक्षांच्या यादीत त्यांचं नाव नाही. विंदा करंदीकरांचं नाही, विजय तेंडुलकरांचं नाही, जी. ए. कुलकर्ण्यांचंही नाही. म्हणजे मतपेटीलाही ही माणसं सापडली नाहीत. तेव्हा गुरुजींच्या मताची आठवण कितीही गोड असली, तरी ते मत फार मोठं तीर होतं असं मी म्हणणार नाही. गुरुजींपाशी हे बोललो तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नानासाहेबांना मत द्यायचा योग माझ्या वाट्याला कधी आला नाही, हे खरं." त्यांचा स्वर ऐकून मी विषय बदलला.

मग करावं काय? मागणी फार नाही. निवड बैठकीतच होऊ द्या, जाणत्यांनीच करू द्या. फक्त निकालाबरोबर चार ओळी छापा: कुठल्या संस्थेने कोणती नावं सुचवली, अंतिम विचारात कोण होते आणि यांना निवडलं ते कशासाठी. निवडलेल्याची स्तुती नको, ती पुढे तीन दिवस व्हायचीच आहे. निवडण्याचं कारण सांगा. यात मागे राहिलेल्यांचा अपमान होतो असं कोणी म्हणेल. मला विचारा, मी दोन्ही तऱ्हांनी पडलेला माणूस आहे. तेवीस विरुद्ध अकरा यात अपमान नाही. तो पोऱ्याच्या तोंडून कळण्यात आहे.

आणि लगेच सांगायची हिंमत नसेल, तर नोबेलवाल्यांसारखं करा. स्वीडनमध्ये कोणाचं नाव कोणी सुचवलं हे पन्नास वर्षं कुलपात ठेवतात आणि मग कुलूप काढतात. टॉलस्टॉयचं नाव अनेकदा आलं आणि दरवेळी मागे राहिलं, हे आज कोणीही बसल्या जागी वाचू शकतो. नोबेलची त्यात काही अब्रू जात नाही. फार तर आपण त्यांच्याकडे बघून जरा मान हलवतो. पन्नास वर्षांनी मी असणार नाही, गुरुजी तर नाहीतच. पण मेहकरच्या एखाद्या नातवाला तरी कळेल, की आपल्या गावचं एखादं नाव त्या बैठकीत निघालं होतं का, आणि निघालं असेल तर ते कशामुळे मागे पडलं.

ही झाली माझी सूचना. गुरुजींनी मात्र कोणाच्या घटनादुरुस्तीची वाट पाहिलेली नाही. मताधिकार गेल्यापासून ते दर वर्षी गणपती उठले की माझ्याकडे येतात. महामंडळाचं कार्यालय दर तीन वर्षांनी एका घटक संस्थेकडून दुसरीकडे जातं, त्यामुळे पत्ता बदलला का हे विचारायला. मग पन्नास पैशांच्या एका कार्डावर ते एक नाव लिहितात आणि त्याखाली दोन ओळींत कारण. नाव मला दाखवत नाहीत. गुप्त असतं ते. कार्ड उघडंच असतं ही गोष्ट वेगळी. कोपऱ्यावरच्या पेटीत ते टाकतात आणि वाकून आत बघतात.

परवा मी न राहवून विचारलं, "गुरुजी, इतकी वर्षं पाठवताय. उत्तर येतं का?"

"नाही."

"मग कार्ड तरी परत येतं?"

"तेही नाही," गुरुजी म्हणाले. "परत आलं असतं तर शेरा तरी वाचला असता."